आधी फायली सोडवा

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तेव्हापासून रत्नागिरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर जुन्या संगणकांबरोबर प्रश्नांचीही चळत वाढतेय. फोनवर एकेकाला उत्तर देता देता घसा बसला. त्यातले काही प्रश्न इथे घेतो. सगळ्यांचा रोख एकच: मायक्रोसॉफ्टला सोडून लिनक्स, लिब्रेऑफिस वगैरे मुक्त सॉफ्टवेअरकडे जावं का, आणि गेलो तर फसू का? लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम, लिब्रेऑफिस मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी. आणि मुक्त म्हणजे ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ लिखाई, उघडी असते आणि ती कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी.

आमची जिल्हा परिषदेची शाळा संगमेश्वर तालुक्यात आहे. गावच्या मुंबईकर मंडळाने आठ जुने संगणक दिले. सगळ्यांवर विंडोज १० आहे. दुकानदार म्हणतो, अकरा चढणार नाही, भंगारात घाला. खरंच घालायचे का? (एक शिक्षिका)

बाई, भंगारवाल्याला थोडं थांबू दे.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचे संगणक २०१४-१५ चे असतील, तर ते त्यात बसत नाहीत. पण ते काल जसे चालत होते तसेच आजही चालतात. थांबल्यात त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण शाळेने त्या मुदतीवर विसंबून राहू नये.

पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हरचं. आपली हवा खारी, त्यात तुमचे संगणक कुणाच्या तरी माळ्यावर दोनतीन पावसाळे काढून आलेले. कॅबिनेटचं झाकण काढा, रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या दाबून बाहेर घ्या. खालच्या कडेला सोनेरी दात दिसतील, ते काळपट झालेले असणार. पोरांच्या कंपासपेटीतला पांढरा खोडरबर घ्या, त्या दातांवरून हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि पट्टी परत दाबून बसवा. टक् असा आवाज आला पाहिजे. ‘मेला’ म्हणून माझ्याकडे आलेले कितीतरी संगणक एवढ्यावर उठून बसलेत. मदरबोर्डवर हिरवा थर चढला असेल, तर मात्र त्याचा नाद सोडा. त्याची रॅम, त्याचा पंखा दुसऱ्याला लावा. आठातले सहा उभे राहिले तरी पुष्कळ.

मग लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी एक. त्याची एक्सएफसीई नावाची हलकी आवृत्ती घ्या. ४ जीबी रॅम असेल तर आरामात चालते, २ जीबीवर कुरकुरत. मिंटच्या २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. पैसे असतील तर फक्त एका गोष्टीवर खर्च करा: जुनी हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी, म्हणजे चिपवर चालणारी वेगवान डिस्क. संगणक सुरू होईपर्यंत हजेरी घेऊन व्हायची, ते थांबेल.

लगेच काही पुसू नका. मिंट पेनड्राइव्हवरूनही चालतं, आतल्या डिस्कला हात न लावता. शनिवारी शाळा सुटली की पेनड्राइव्ह लावा आणि चार गोष्टी बघा: वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, आणि इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीने मराठी टाइप होतं का. शेवटच्या दोघांपैकी मराठी बिनतक्रार होतं. प्रिंटरचं सांगता येत नाही. आपल्याकडच्या दुकानांतून दिसणारे काही स्वस्त लेझर प्रिंटर लिनक्सला भारी छळतात.

ई-लर्निंगचे जे पाठ तुमच्याकडे आहेत ते विंडोजवरच चालणारे असतील, तर एक संगणक त्यासाठी विंडोजवर ठेवा आणि त्याला इंटरनेट देऊ नका. ही शाळा वेगळं काहीतरी करतेय असं कुणी म्हणालं तर केरळचं सांगा. तिथल्या सरकारी शाळा २००५ च्या आसपासपासून मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतायत, आणि तिथली पोरं काही मागे पडलेली नाहीत.

देवगडला आंबा पॅकिंग आणि काजूचा धंदा आहे. हिशेब टॅलीत. ऑफिसमधले चार संगणक, विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस दोन्ही ‘क्रॅक’ (परवाना न घेता कुलूप तोडून चालवलेलं), टेक्निशियन पाचशे रुपयांत टाकून देतो. मुलगा म्हणतो, बाबा, सगळं लिनक्स करू. करू का?

सगळं नको. मुलाच्या उत्साहाला पाणी घालत नाही, पण टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन नावाच्या प्रोग्रामची मध्यस्थी घेऊन लिनक्सवर टॅली चालवणारे लोक आहेत, मीही चालवून पाहिलंय. पण तुमचा मार्चअखेर आणि आंब्याचा हंगाम एकाच महिन्यात येतात. ट्रक दारात उभा आणि बिल छापेना, अशा वेळी तुम्ही मुलाला काय म्हणाल ते इथे छापता येणार नाही. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तोही विंडोजवरच सरळ चालतो. तेव्हा हिशेबाचा एक संगणक विंडोजवर, आणि तो पावतीचा, रीतसर घेतलेला.

बाकीच्या तिघांवर काय होतं? पत्रं, दरपत्रकं, पाच डझनी-सहा डझनी पेट्यांचा तक्ता आणि ईमेल. त्याला लिब्रेऑफिस पुरून उरतं. गंमत म्हणजे ते विंडोजवरही चालतं. आजच टाका, महिनाभर त्यातच काम करा. तुमचे एक्सेलचे तक्ते उघडतील, बेरजा बरोबर येतील. कुणी मॅक्रो (तक्त्यात आपोआप चालणाऱ्या आज्ञा) लिहून ठेवले असतील तर ते अडू शकतात, ते वेगळे काढा. महिन्यात कुणी रडलं नाही तर त्या तिघांखालचं विंडोज बदलायला घ्या. लोक उलट करतात. आधी ऑपरेटिंग सिस्टीम उडवतात आणि मग फायली घेऊन माझ्याकडे धावत येतात.

आता क्रॅकबद्दल, कारण हा प्रश्न दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, खालच्या आवाजात. कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरण्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यात वापरत नसाल तर न्यायालय सौम्य होऊ शकतं. तुम्ही धंद्यातच वापरताय. त्याहून जवळचा धोका असा, की क्रॅक करणारी ती छोटी फाइल चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. घराचं दार उघडं टाकून कुलूपवाल्याला बोलावण्यासारखं आहे हे.

आणि हो, क्रॅक वापरून आपण कंपनीला टोपी घातली असं वाटत असेल तर तेही जरा तपासून बघा. बिल गेट्स यांनी १९७६ मध्ये हौशी संगणकवाल्यांना उघडं पत्र लिहून तुम्ही आमचं सॉफ्टवेअर चोरता म्हणून खडसावलं होतं. तेच गेट्स १९९८ मध्ये चीनबद्दल बोलताना म्हणाले की चोरणारच असतील तर आमचं चोरू देत, त्यांना त्याची चटक लागेल आणि पुढे कधीतरी वसुली कशी करायची ते आम्ही शोधून काढू. पाचशे रुपयांत तुम्ही ती चटक विकत घेतलीत.

आमच्या मालवणच्या वाचनालयाची १९९९ ते २०१२ ची इतिवृत्तं आणि एक स्मरणिका त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये आहे. नव्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो. त्या फॉन्टचं प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल (ते लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही अशी छोटी किल्ली) हरवलं. विकणाराही आता सापडत नाही. काही करता येईल? (एक कार्यवाह)

या टपालातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला प्रश्न हा, म्हणून इथे जरा बसतो.

तुमच्या फाइलमध्ये ‘क’ कधी नव्हताच. त्या काळी संगणकाला रोमन लिपीच कळायची, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवायची, पण पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार काढायचे. कुठल्या चिन्हावर कुठला आकार, हा नकाशा प्रत्येक कंपनीचा वेगळा आणि स्वतःपुरता. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं. फॉन्ट गेला की नकाशा गेला. तेरा-चौदा वर्षांची इतिवृत्तं तुमच्या कपाटात आणि ती वाचायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा व्यवहार होता. खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये आला. आपण १९९० नंतर स्वतःच्या अक्षरांसाठी नवे खोत नेमले आणि वर त्यांना पैसेही दिले. मीही दिले. माझ्या पहिल्या दुकानाची गिऱ्हाइकांची सगळी यादी अशाच एका पॅकेजमध्ये अडकून गेली, आणि ते विकणाऱ्याने एक दिवस फोन उचलणं बंद केलं.

यूनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या समान मानकाने हे मोडलं. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, ‘क’चा ०९१५. कुठलाही फॉन्ट असो, कुठलीही कंपनी असो, क तो क. इथे मायक्रोसॉफ्टला शिव्या घालायला वाव नाही. यूनिकोडच्या कामात ती कंपनीही होती, आणि विंडोज २००० मध्ये मंगल फॉन्टसह देवनागरी आली तेव्हा आमच्यासारख्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आज तर एक टाइप या मुंबईच्या संस्थेने केलेले मुक्ता आणि बालू हे देखणे फॉन्ट मुक्त परवान्यात मिळतात. डोंगल नाही, वर्गणी नाही.

तुमच्या फायलींचं असं करा. आधी सगळ्याची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी काढा आणि मूळ फाइलवर काहीच करू नका. मग फॉन्टचं नाव शोधा. वर्डमध्ये किंवा लिब्रेऑफिस रायटरमध्ये मजकूर निवडला की फॉन्टच्या चौकटीत नाव दिसतं, फॉन्ट संगणकावर नसला तरी. गावोगावी वापरात असलेल्या जुन्या फॉन्टांपैकी बऱ्याच जणांचे नकाशे लोकांनी बसून उलगडलेत आणि त्यावरून मजकूर यूनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर बनवलेत. तुमचा फॉन्ट त्यात असेल तर काम काही दिवसांचं. नसेल तर जुनी छापील स्मरणिका शेजारी ठेवून नकाशा आपणच बनवायचा. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं, दोन संध्याकाळी जातात. मी तीनदा केलंय.

बदललेलं मात्र डोळ्यांखालून घालाच. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. आणि आपल्याकडची खास गोची: दर्या आणि दऱ्या. कन्व्हर्टरला दोन्ही एकच वाटतात. माझ्या हातून गेलेल्या एका स्मरणिकेत सगळ्या होड्या पहाटे ‘दऱ्यात’ लोटल्या होत्या. लेखक महाशय अजून बोलत नाहीत.

मग ते साठवायचं कशात? लिब्रेऑफिसच्या ओडीटी या फाइल-प्रकारात, आणि सोबत पीडीएफची एक प्रत. ओडीटी ज्या ओडीएफ कुटुंबातलं आहे ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याची सगळी रचना उघड लिहिलेली आहे आणि कुठलाही प्रोग्रामर ती वाचून नवा प्रोग्राम लिहू शकतो. मायक्रोसॉफ्टचं डॉकएक्स ज्यावर बेतलंय ते ओओएक्सएमएलही २००८ मध्ये मानक झालं, पण त्याचं वर्णन सहा हजारांहून जास्त पानांचं, आणि ते मानक करू नये असं मत देणाऱ्या देशांत भारत होता. नंतर २०१० मध्ये केंद्र सरकारने सरकारी कारभारासाठी खुल्या मानकांचं धोरणही आणलं. तुमच्या तालुक्याच्या कचेरीतून आलेली फाइल उघडून बघा म्हणजे धोरण कुठवर पोचलं ते कळेल.

इतिवृत्तांचा एक छापील संच बांधून ठेवा. वाळवीपासून जपा. कागदाला डोंगल लागत नाही.

लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात. खरं का? (चिपळूण)

नाही. कमी लागतो, एवढंच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असलेल्या छोट्या भागात चोरदरवाजा सापडला. तो ठेवणाऱ्याने दोनेक वर्षं मदतनीस म्हणून राबून मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवला होता. सापडला कसा, तर लॉग-इनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आन्द्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला चैन पडेना आणि तो खणत गेला. कोड उघडा होता म्हणून खणता आलं. हा फ्रॉइंड नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये.

‘तुमचं केवायसी संपलंय’ असा फोन आला की तुम्ही ओटीपी सांगणार असाल, तर कुठलीच ऑपरेटिंग सिस्टीम तुम्हाला वाचवणार नाही.

आमच्या पतपेढीत २२ संगणक आहेत. विक्रेत्याने मायक्रोसॉफ्ट ऑफिसचं दर माणशी, दर वर्षी असं वर्गणीचं कोटेशन दिलंय. संचालक म्हणतात, मुक्त सॉफ्टवेअर घ्या, खर्च शून्य. (एक अध्यक्ष, सिंधुदुर्ग)

संचालकांना म्हणावं, शून्य नाही. मराठीत एक बरं आहे, मुक्त आणि फुकट हे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द, त्यामुळे १९८३ मध्ये ही चळवळ सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन तो फरक जन्मभर समजावत बसलेत.

म्युनिक शहराचं उदाहरण बघा. महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर स्वतः महापौरांना भेटून मन वळवायला गेले, तरी महापालिका बधली नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले. आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव झाला. राजकारण होतंच, पण खात्याखात्यातले खास प्रोग्राम विंडोजचे होते, बाहेरून येणाऱ्या फायली विस्कटायच्या, आणि तक्रार कुणाकडे न्यायची यातच गोंधळ. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३० हजार कर्मचाऱ्यांना लिब्रेऑफिसवर न्यायचं जाहीर केलं. तिथे आधी ऑफिस बदलायचं, विंडोज नंतर, असा क्रम आहे. तो मला पटतो.

तुमच्या पतपेढीचा बँकिंगचा प्रोग्राम ज्याने दिला त्याला आधी लेखी विचारा. तो विंडोजच मागत असेल तर काउंटरचे संगणक राहू द्या. बाकीच्यांवर लिब्रेऑफिस, आणि वर्गणीचे जे पैसे वाचतील त्यातले निम्मे एका माणसाला द्या. सकाळी साडेदहाला काउंटरवर रांग आहे आणि छपाई अडलीय, तेव्हा फोन उचलून अर्ध्या तासात येणारा तुमच्या तालुक्यातला माणूस. असा माणूस मिळत नसेल तर कोटेशनवर सही करा. मला वाईट वाटेल, पण करा.

सर, मी कुडाळला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गिटहब ही प्रोग्रामचा कोड ठेवायची वेबसाइट मायक्रोसॉफ्टचीच, लिनक्सही ते स्वतःच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने दिलेल्या संगणकांवर, चालवतात. मग भांडण संपलं का?

अरे, भांडणाची जागा बदलली. २००१ मध्ये याच बामर यांनी लिनक्सला कर्करोग म्हटलं होतं. २०१८ मध्ये त्याच कंपनीने साडेसात अब्ज डॉलर मोजून गिटहब घेतलं, आणि २०२० मध्ये त्यांचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या बाबतीत आम्ही इतिहासाच्या चुकीच्या बाजूला होतो असं कबूल केलं. हृदयपरिवर्तन वगैरे म्हणायची घाई करू नकोस. पूर्वी पैसा सीडीच्या डब्यात होता, आता तो भाड्यात आहे. भाड्याच्या घराच्या भिंती कुठल्या विटांच्या आहेत याने मालकाला फरक पडत नाही.

भाडेकरूने बघायचं ते एवढंच: निघायचं म्हटलं तर आपलं सामान आपल्याला नेता येईल का? तुझं काम गिटहबवर ठेव, पण त्याची पूर्ण प्रत तुझ्या लॅपटॉपवर असतेच, ती गिटची, म्हणजे गिटहब ज्यावर उभं आहे त्या प्रोग्रामची, रचनाच आहे. आणि गिट लिहिलं कुणी, तर लिनक्सच्या लिनस टोरवाल्ड्सने, २००५ मध्ये. त्याआधी तो आणि त्याचे सहकारी एका कंपनीचं मालकीचं साधन फुकट वापरत होते. कंपनीने ती सवलत काढून घेतली, म्हणून त्याने स्वतःचं बनवलं.

पोट भरतं का, हे तू विचारलं नाहीस, पण घरचे विचारतील. २०१९ मध्ये आयबीएमने रेड हॅट ही लिनक्सवर उभी राहिलेली कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली. जवळचं बघायचं तर ईआरपीनेक्स्ट (धंद्याचा हिशेब, साठा सांभाळणारा प्रोग्राम) मुंबईत बनतं, पूर्ण मुक्त परवान्यात, आणि ते बसवून देणारे लोक त्यावर घर चालवतात. देवगडच्या त्या काजूवाल्यांच्या मुलासारखे दहा जण तुला याच जिल्ह्यात भेटतील.

मुलीने एमएस-सीआयटी केलंय. शाळेत, ऑफिसात लिनक्स आलं तर ते सगळं वाया? एमएस म्हणजे मायक्रोसॉफ्टच ना? (एक पालक, दापोली)

एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट, काका. आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही इथेही तेच आहे.